ग्रेगोर मेंडेल : पिंजऱ्यातील कोडे सोडविणारा मठवासी

महाराज बाड्याच्या मध्यभागी असलेला जयाजीराव शिंदे यांचा पुतळा लष्करात राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या ओळखीचा आहे. सभोवार टपाल कचेरी, टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट अशा युरोपीय धर्तीच्या भव्य इमारती आणि मधोमध हा पुतळा, हे दृश्य येता-जाता आपण इतक्या वेळा पाहतो की, ह्या महाराजांचा काळ कोणता आणि त्या काळी जगात इतरत्र काय चालले होते, हा विचार मनास शिवतही नाही. जयाजीराव १८४३ साली लहान वयात गादीवर आले आणि १८८६ साली निवर्तले. ज्या वर्षी ग्वाल्हेरीस हे राज्यारोहण झाले, त्याच १८४३ साली येथून हजारो मैल दूर, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील ब्रनो शहरी, एका शेतकऱ्याचा एकवीस वर्षांचा गरीब मुलगा एका ख्रिस्ती मठाच्या दाराशी येऊन उभा राहिला. पोटाची विवंचना मिटावी आणि विद्येचा मार्ग मोकळा व्हावा, एवढीच त्याची इच्छा होती. त्याचे नाव योहान मेंडेल. मठात त्यास ग्रेगोर हे नवे नाव मिळाले. त्या मठाच्या बागेतील वाटाण्याच्या वाफ्यात त्याने जे शोधून काढले, त्यावर आज आनुवंशिकतेचे सारे शास्त्र उभे आहे.

हे चरित्र सांगण्यापूर्वी एका कोड्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. आपल्या घराघरांतून पक्षी पाळण्याची हौस जुनी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पोपट, मैना, मुनिया हे आपल्या रानातले पक्षी पिंजऱ्यात ठेवण्यास मनाई झाली. परंतु पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली कॅनरी पाळता येते. हा पक्षी मूळचा अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटांवरचा व त्यांच्या शेजारच्या बेटांवरचा. रानात तो हिरवट, काळसर रेघांचा असतो. युरोपातील लोकांनी सुमारे पाचशे वर्षे त्याची पैदास केली आणि तीतून पिवळ्या, पांढऱ्या, दालचिनी रंगाच्या, डोक्यावर तुरा असलेल्या अशा नाना जाती निर्माण झाल्या.

आता समजा, एका घरी तुरेवाल्या कॅनरीची सुरेख जोडी आणली. नरास तुरा, मादीस तुरा. तेव्हा पिल्लेही सारी तुरेवाली होणार, असे घरातील मुलांनी धरून ठेवले. मादीने चार अंडी घातली, तेरा-चौदा दिवस ती उबविली. दोन पिल्ले तुऱ्याची निघाली, एकाचे डोके साधेच राहिले आणि चौथे अंड्यातच मरून गेले. दुसऱ्या विणीसही एक पिल्लू असेच गेले. मुले रडली. कोणी म्हणाले, दृष्ट लागली; कोणी म्हणाले, विकणाऱ्याने फसविले; कोणी घरच्या मुलावरच निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. शेजारच्या घरी याहून निराळा प्रकार घडला. तेथे पिवळ्या जोडीच्या घरट्यात एक पांढरेशुभ्र पिल्लू निघाले आणि ते कोठून आले, हे कोणासच सांगता येईना. ह्या दोन्ही कोड्यांची किल्ली मेंडेल यांच्या वाफ्यात आहे. ती त्यांच्या हाती कशी आली, ते आता पाहू.

योहानचा जन्म जुलै १८२२ मध्ये हाइन्ट्सेनडॉर्फ ह्या खेड्यात झाला. आज ते गाव हिंचित्से ह्या नावाने चेक प्रजासत्ताकात मोडते. वडील आंटोन हे शेतकरी. स्वतःची जमीन कसून शिवाय जमीनदाराकडे वेठीचे काम करणे त्यांस भाग होते. फळझाडांवर त्यांचा फार जीव. झाडास कलम कसे बांधावे, हे योहान त्यांच्याजवळच शिकला. मुलगा बुद्धिमान आहे हे गावच्या शिक्षकांनी ओळखले आणि त्यास पुढील शिक्षणासाठी परगावी धाडण्यात आले. परंतु घरून पुरेसा पैसा येईना. कित्येकदा अर्धपोटी राहून त्याने दिवस काढले. अशात १८३८ साली वेठीचे काम करीत असता वडिलांच्या अंगावर झाडाचा ओंडका पडला आणि ते कायमचे दुबळे झाले. सोळा वर्षांचा योहान शिकवण्या करून स्वतःचे पोट भरू लागला.

पुढे ओलोमोउत्स येथील उच्च शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा धाकटी बहीण थेरेझिया पुढे झाली. तिच्या लग्नासाठी जो हुंड्याचा वाटा राखून ठेवला होता, त्यातील काही भाग तिने भावाच्या शिक्षणास दिला. आपल्याकडे हुंड्यापायी किती घरे कर्जबाजारी झाली, हे वाचकांस ठाऊकच आहे. त्या काळच्या एका शेतकऱ्याच्या मुलीने आपल्या संसाराची पुंजी भावाच्या पुस्तकांवर खर्ची घालावी, ही गोष्ट लहान नव्हे. मेंडेल ती विसरले नाहीत. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणास त्यांनी साहाय्य केले.

ब्रनोच्या सेंट थॉमस मठात आल्यावर मेंडेल यांची पोटाची चिंता मिटली. हा मठ विद्येचे माहेरघर होता. मठाधिपती सिरिल नाप यांस शेतीत व पशुपालनात रस होता. त्या भागात मेंढ्यांच्या लोकरीचा मोठा व्यापार चाले आणि चांगल्या मेंढ्यांची पैदास कशी करावी, ह्यावर पालकांच्या सभा भरत. पिढीमागून पिढीत नेमके काय उतरते आणि कसे उतरते, हाच खरा प्रश्न आहे, असे नाप यांनी ह्या पालकांपुढे मेंडेल येण्यापूर्वीच मांडले होते. म्हणजे आनुवंशिकतेचा प्रश्न पंडितांच्या ग्रंथांतून नव्हे, तर जनावरे पाळणाऱ्यांच्या गरजेतून पुढे आला, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

१८४७ साली मेंडेल यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. परंतु आजारी व मरणोन्मुख माणसांचे दुःख पाहून ते स्वतःच आजारी पडत. हे काम त्यांस झेपणार नाही, हे नाप यांनी जाणले आणि १८४९ साली त्यांस शिक्षक म्हणून एका शाळेत पाठविले. शिकविणे त्यांस उत्तम साधले. मात्र कायम शिक्षक होण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागे, तीत १८५० साली ते नापास झाले. आमच्या विद्यार्थी वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्यांचे नाव आज जीवशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, ते जीवशास्त्राच्या शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. १८५६ साली त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तोही आजारपणामुळे अर्धवट सोडावा लागला. चौदा वर्षे त्यांनी ब्रनोच्या शाळेत शिकविले, ते अखेरपर्यंत हंगामी शिक्षक म्हणूनच.

पहिल्या अपयशातून एक चांगली गोष्ट मात्र निष्पन्न झाली. नाप यांनी त्यांस १८५१ ते १८५३ ह्या काळात व्हिएन्नाच्या विद्यापीठात पाठविले. तेथे ते डॉप्लर यांच्याकडे पदार्थविज्ञान, उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र आणि एटिंग्सहाउझेन यांच्याकडे गणिताशी निगडित विषय शिकले. वनस्पतींचा अभ्यास करणारे पुष्कळ होते, गणित जाणणारेही पुष्कळ होते. परंतु फुलांची गणती गणिताच्या दृष्टीने करावी, हे सुचण्यास दोन्ही विद्या एकाच माणसाच्या ठिकाणी एकवटणे आवश्यक होते.

परत आल्यावर त्यांनी मठाच्या आवारातील सुमारे ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद अशा पट्ट्यात वाटाणा लावला. निवड विचारपूर्वक होती. वाटाण्याचे फूल आपल्याच परागाने फळते, तेव्हा एकेक वाण शुद्ध राहते. त्यांनी ३४ वाण मिळविले, दोन वर्षे त्यांची परीक्षा केली आणि त्यांतून २२ निवडले. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की खुजे, अशा सात ठळक भेदांवर त्यांनी लक्ष केंद्रित केले. कळी उमलण्यापूर्वीच तिच्यातील परागकोश काढून टाकावयाचे, दुसऱ्या वाणाचा पराग तिला लावावयाचा, आणि वारा वा कीटक मध्ये पडू नयेत म्हणून फूल झाकून ठेवावयाचे, हे काम त्यांनी १८५६ पासून १८६३ पर्यंत चालविले. सुमारे २८,००० झाडे त्यांच्या नजरेखालून गेली.

गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सारेच दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशी झाली. दुसरा कोणी असता तर येथेच थांबला असता. मेंडेल यांनी तेच गोल दाणे पेरले आणि पुढच्या पिढीचे ७,३२४ दाणे मोजले. त्यांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले होते. पिवळ्या व हिरव्या दाण्यांच्या बाबतीत ८,०२३ पैकी ६,०२२ पिवळे व २,००१ हिरवे भरले. सातही भेदांत तीनास एक हेच प्रमाण पुनःपुन्हा येत राहिले. नाहीसा झालेला गुण मेलेला नव्हता. तो दडून बसला होता.

त्याची उपपत्ती मेंडेल यांनी अशी लावली. प्रत्येक गुणासाठी जीवात दोन घटक असतात, एक पित्याकडून आलेला व एक मातेकडून. आज आपण त्यांस जनुके म्हणतो. दोन्ही निराळे असतील तर एक दिसतो, तो प्रभावी. दुसरा झाकला जातो, तो अप्रभावी. संतती होताना प्रत्येक पालक आपल्या दोहोंपैकी एकच घटक देतो आणि कोणता द्यावयाचा, हे केवळ योगायोगावर असते.

हे समजण्यास घरातील चिंचोके पुरेसे आहेत. चिंचोका फोडला म्हणजे एक अंग तपकिरी व दुसरे पांढरे, अशी फोड मिळते. अशा दोन फोडी घ्या. एक पित्याची, एक मातेची. दोन्ही अंगे सारख्याच वेळा वर पडतात असे धरून त्या एकदम टाका. चार प्रकार संभवतात : दोन्ही तपकिरी, पहिली तपकिरी व दुसरी पांढरी, पहिली पांढरी व दुसरी तपकिरी, दोन्ही पांढऱ्या. आता एक जरी तपकिरी पडली तरी दान तपकिरी मानावयाचे, असा नियम केला, तर चारांत तीन दाने तपकिरी व एक पांढरे. मेंडेल यांचे तीनास एक ते हेच.

आता शेजारच्या घरातील पांढरे पिल्लू आठवा. कॅनरीत पांढऱ्या रंगाचे दोन प्रकार आहेत. त्यांपैकी एक अप्रभावी आहे. नर पिवळा व मादी पिवळी, परंतु दोघांच्याही ठायी पांढरेपणाचा एकेक घटक दडलेला असला, तर सरासरीने चारांत एक पिल्लू पांढरे होणार. ते बाहेरून आले नाही. ते आजा-पणजांकडून लपतछपत आले. एखादा पिवळा पक्षी असा घटक बाळगून आहे की नाही, हे पिसाऱ्यावरून कळत नाही. त्याची जोडी ह्या प्रकारच्या पांढऱ्या पक्ष्याशी लावून पाहावी लागते. एक जरी पिल्लू पांढरे निघाले, तरी गुपित फुटले. ह्या पांढऱ्या पक्ष्यांच्या शरीरास अन्नातील पिवळी द्रव्ये नीट शोषून घेता येत नाहीत. म्हणून त्यांस तयार अ जीवनसत्त्व द्यावे लागते. कूळ जाणले म्हणजे आहारही कळतो, तो असा.

तुऱ्याचे कोडे अधिक करुण आहे. तुरा हा प्रभावी गुण आहे; एका पालकाकडून आला तरी तो दिसतो. परंतु दोन्ही पालकांकडून तुऱ्याचाच घटक आला, तर ते पिल्लू बहुधा अंड्यातच मरते. चिंचोक्यांची तपकिरी बाजू म्हणजे तुरा मानली, तर दोन्ही तपकिरी पडणे हे मरणाचे दान होय. तुरेवाल्या जोडीची चारांतील एक अंडी अशी वाया जाते, दोन पिल्ले तुऱ्याची होतात आणि एक साध्या डोक्याचे. ह्यात दृष्ट नाही, फसवणूक नाही, मुलाचा निष्काळजीपणा नाही. जोडी लावण्यातील अज्ञान आहे. म्हणून जाणते पालक तुरेवाल्या पक्ष्याची जोडी साध्या डोक्याच्या पक्ष्याशी लावतात. मग निम्मी पिल्ले तुऱ्याची होतात, निम्मी साधी, आणि तुऱ्यापायी एकही जीव जात नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. चार अंड्यांत नेमका तीनास एक हिशेब मिळेलच असे नाही. चार वेळा चिंचोके टाकून पाहा. एखादे वेळी एकही पांढरे दान पडणार नाही, एखादे वेळी दोन पडतील. चारशे वेळा टाका, मग प्रमाण जवळ जवळ येऊ लागेल. मेंडेल यांनी हजारो दाणे का मोजले, ह्याचे रहस्य हेच. एका विणीवरून कुळाविषयी निकाल देणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ ह्या दोन दिवशी मेंडेल यांनी आपले निष्कर्ष ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले. १८६६ साली निबंध छापून निघाला. त्याच्या चाळीस सुट्या प्रती त्यांनी काढविल्या व काही विद्वानांकडे धाडल्या. परंतु त्याचे मर्म कोणी जाणले नाही. म्यूनिकचे विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी पुष्कळ वर्षे पत्रव्यवहार चालला; त्यांनी रानातील एका निराळ्याच वनस्पतीवर प्रयोग करण्यास उत्तेजन दिले. ती वनस्पती फलनावाचूनच बी धरते, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. वाटाण्याचे नियम तिला लागू पडेनात आणि मेंडेल यांच्या पदरी निराशा आली.

१८६८ साली ते मठाधिपती झाले. १८७४ साली सरकारने मठांवर कर बसविला. तो अन्यायाचा आहे असे मानून ते मरेपर्यंत सरकारशी झगडत राहिले. ह्या कज्जात त्यांची प्रकृती खालावली. ६ जानेवारी १८८४ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. अंत्यविधीच्या संगीताची धुरा पुढे जगप्रसिद्ध झालेले संगीतकार यानाचेक यांनी वाहिली. गावाने एक सज्जन मठाधिपती गेला म्हणून हळहळ केली. एक मोठा शास्त्रज्ञ गेला, हे जाणले नाही. त्यांची पुष्कळशी कागदपत्रे जाळून टाकण्यात आली.

छापलेला निबंध मात्र ग्रंथालयांतून शिल्लक होता. १९०० साली ड फ्रीस, कोरेन्स आणि चेर्माक ह्या तीन देशांतील तीन शास्त्रज्ञांच्या लेखांमुळे तो पुन्हा उजेडात आला. निबंध छापून ३४ वर्षे आणि मेंडेल यांच्या निधनास सोळा वर्षे लोटली होती. इंग्लंडमध्ये बेटसन यांनी ह्या नियमांचा हिरिरीने पुरस्कार केला आणि संशोधकांची दृष्टी वाटाण्यावरून कोंबड्यांकडे, उंदरांकडे व कॅनरीकडेही वळली. १९०८ साली फ्लॉरेन्स डरहॅम आणि डोरोथिआ मॅरियट ह्या दोन विदुषींनी दालचिनी रंगाच्या कॅनरीविषयी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. दालचिनी रंगाचा नर व हिरवी मादी अशी जोडी लावली, तर माद्या दालचिनी रंगाच्या व नर हिरवे होतात. जोडी उलट लावली, तर सारीच पिल्ले हिरवी दिसतात. कारण हा घटक लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्रावर असतो. पक्ष्यांत नराजवळ अशी दोन गुणसूत्रे असतात आणि मादीजवळ एकच. मनुष्यात ह्याच्या उलट प्रकार आहे. म्हणून नर हा घटक दडवू शकतो, मादीस तो दडविता येत नाही. दालचिनी पिल्लाचे डोळे जन्मतः लालसर असतात. तेव्हा पहिल्या प्रकारच्या जोडीत, नर गाऊ लागण्याची वाट न पाहता, घरट्यातच नर कोणता व मादी कोणती हे ओळखता येते.

ह्यावरून सारेच गुण इतके सरळ उतरतात, असा समज कोणी करून घेऊ नये. अंगाची ठेवण, पिसांची दाटी ह्यांत अनेक घटकांचा हात असतो. कॅनरीचे गाणे तर पुष्कळसे शिकण्याचे आहे. कोवळ्या वयात जे कानी पडते, त्यावर ते घडते. उत्तम गवयाच्या पोटी जन्मलेल्या मुलासही तालीम लागते, हे ग्वाल्हेरकरांस निराळे सांगावयास नको.

मेंडेल यांच्यापाशी राज्य नव्हते, द्रव्य नव्हते, परीक्षेचे प्रमाणपत्रही नव्हते. एक अरुंद वाफा, बहिणीच्या त्यागाने मिळालेली विद्या आणि मोजीत राहण्याची चिकाटी एवढेच त्यांचे भांडवल. आवडते दाणे मोजावे आणि नावडते सोडून द्यावे, असे त्यांनी केले नाही. आमची पक्षी पाळणाऱ्या बालवाचकांस एवढीच विनंती आहे की, पिंजऱ्याशेजारी एक वही टांगावी. नर कोणता, मादी कोणती, अंडी किती, पिल्ले कशी निघाली, हे सारे तीत लिहावे. आणि जे पिल्लू जगले नाही त्याचीही नोंद करावी. तुऱ्याच्या कोड्याचे उत्तर त्या न जगलेल्या पिल्लापाशीच होते. पुढे कधी महाराज बाड्यावरून जाताना जयाजीरावांच्या पुतळ्याकडे दृष्टी गेली, तर त्यांच्याच काळी दूर देशी वाटाण्याचे दाणे मोजीत बसलेल्या त्या हंगामी शिक्षकाचेही स्मरण करावे.